खिडकीजवळचा बाक

१

"लेखकाने कृपया उभं राहावं," त्रैमासिकाची मदतनीस ठकू माइकवर म्हणाली, आणि सभागृहातली सगळी माणसं माना वळवून इकडेतिकडे बघायला लागली.

हा त्या त्रैमासिकाचा वर्षातला सगळ्यात लाडका क्षण. 'गुंतागुंत आणि शिक्षण' असा भारदस्त विषय घेऊन ते चालायचं. वर्ग म्हणजे काही यंत्र नव्हे, एका पोराच्या एका प्रश्नाने अख्खा वर्ग पालटतो, तो कसा आणि का, असल्या गोष्टींचा त्यात काथ्याकूट. वर्षातून एकदा त्यांचा निनावी अंक निघे. दारातल्या लाकडी पेटीत कुणीही नाव न घालता लेख टाकावा, अगदी संपादकांनीसुद्धा. निवडलेले लेख नावाशिवायच छापावेत. लोकांनी वाचावेत, भांडावं, आणि मग सभेत सर्वोत्तम ठरलेल्या लेखाच्या लेखकाने आपण होऊन उभं राहावं. टाळ्या माणसाला नाहीत, लेखाला वाजल्या पाहिजेत, हा मुख्य संपादकांचा हट्ट. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, आणि त्या होत्याही तशाच.

यंदा सर्वोत्तम ठरला होता 'खिडकीजवळचा बाक'. एक वर्ग दुसरीतून तिसरीत आणि तिसरीतून चौथीत जातो, आणि खिडकीजवळ बसणारा एक डावखुरा मुलगा दर वर्षी एकच प्रश्न विचारून त्या वर्गाची घडी मोडून टाकतो, एवढीच गोष्ट. पण ती वाचून भल्याभल्यांचे डोळे ओले झाले होते.

दुसऱ्या रांगेत ठकूची मावशी बसली होती. बाईंची जुनी विद्यार्थिनी, आणि पुढे जन्मभर परीक्षा नियंत्रक. कॉपी पकडण्यात तिची हयात गेली होती. निवृत्तीनंतर तिने कान मिटून बसायचं ठरवलं होतं, पण कान काही ऐकत नव्हते. म्हणूनच पुढच्या रांगेत एक खुर्ची जराशी सरकली, ते तिने नेमकं टिपलं. पुढची रांग तिघा संपादकांची, बाकी कुणाला तिथे बसायची परवानगी नव्हती.

आणि त्याच क्षणी अगदी मागून कुणीतरी ओरडलं, "तो लेख माझा आहे!"

खांद्याला कापडी पिशवी लावलेली एक बाई उभी होती. आवाज चांगला खणखणीत होता. "माझा आहे! पण पेटीत मी टाकला नाही. गेल्या वर्षी साध्या अंकासाठी पाठवला, तर दर्जा नाही म्हणून तुम्हीच परत केलात. आणि आता माझ्याच वर्गात हा कोण संशोधक येऊन बसलाय? पोरांना शिकवलं मी, आणि हा लिहितो 'मी पाहिलं, मी नोंदवलं'?"

दुसरं कुणीही उठलं नाही. पुढच्या रांगेतली खुर्चीही जागच्या जागी गप्प बसली.

विश्वस्तांचे अध्यक्ष व्यासपीठावर होते. मोठा देह, त्याहून मोठा आवाज. "गेल्या वर्षी आलेले लेख आधी कुणाच्या हातात पडत होते?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांच्या नजरा हळूहळू वळल्या आणि माइकपाशी उभ्या असलेल्या ठकूवर येऊन थांबल्या.

२

सभागृहाच्या मागे संपादकांची खोली होती. लांब टेबल, चार खुर्च्या, लेखांच्या गठ्ठ्यांनी वाकलेलं कपाट आणि कोपऱ्यात कागद कुरतडणारं यंत्र. दार लावलं तशी ठकू मटकन खाली बसली.

शिक्षिकेने पिशवीतून आपली जुनी प्रत काढून टेबलावर ठेवली. मावशीने ती आणि छापील अंक शेजारी शेजारी धरले. वाक्यं फिरवली होती, मधेमधे विद्वत्तेची पेरणी केली होती, पण माल तोच. चोरीच होती, त्यात शंकाच उरली नाही.

"हा लेख तुम्ही दुसरीकडे कुठे पाठवला होता?" मावशीने विचारलं.

"कुठेच नाही. एकदा तोंडावर आपटले, ते पुरे झालं."

"म्हणजे फुटला तो याच खोलीतून," अध्यक्ष म्हणाले. "आणि या खोलीत लेख आधी येतो तो या मुलीकडे."

"माझ्याकडेच येतो, पण मी नावं पुसून तिघांपुढे ठेवते!" ठकूचा आवाज फाटला. "तिघं वाचतात. पसंत असेल तर हिरवी टिकली, नसेल तर लाल. एक लाल लागली की लेख परत, आणि आमची प्रत त्या यंत्रात. टिकलीवर कुणाचं नाव नसतं. मोठ्या बाईंचाच नियम आहे, संपादकांमध्येसुद्धा भीड नको म्हणून."

काय म्हणावं या लोकांना! नावं पुसायची इतकी सवय की आता गुन्ह्यावरही कुणाचं नाव उरलं नव्हतं.

"मी तर हा लेख गेल्या वर्षी पाहिल्याचं आठवत नाही," धाकटे संपादक घाईघाईने म्हणाले. आलेला प्रत्येक संदेश दहा जणांना ढकलायचा, म्हणून ऑफिसात त्यांचं नाव पडलं होतं फॉरवर्डराव. "आमच्यापर्यंत पोचलाच नसेल. वाटेत कुणी ठेवून घेतला असेल तर आम्ही काय करणार?"

"मलाही आठवत नाही," मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण ढीगभर लेख येतात."

तिसरे संपादक गणिती सर. ते काठीवर हनुवटी टेकून नुसतेच बसले होते.

"मुली," अध्यक्ष म्हणाले, "बाहेर लोकांना चहा दिलाय. चहा आटपेपर्यंत खरं सांगितलंस तर ठीक. नाहीतर मी बाहेर जाऊन तुझं नाव जाहीर करणार. मग अशा कामात तुला कुणी दारात उभं करणार नाही."

ठकू मावशीकडे बघत होती. ही नोकरी मावशीच्या शब्दावर लागली होती, आणि तो शब्द मावशीने टाकला होता मोठ्या बाईंकडे.

"चहा होईपर्यंत मला द्या," मावशी म्हणाली. "प्रत्येकाशी एकेकटं बोलते."

अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या. पण मोठ्या बाईच म्हणाल्या, "विचारू दे तिला. माझी विद्यार्थिनी आहे. खोटं तिच्यासमोर टिकत नाही."

३

गणिती सर व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसले, म्हणजे आधी काठी टेकली, मग दोनदा विव्हळले आणि मग बसले.

"गुडघे?" मावशीने विचारलं.

"गुडघे कसले, वैरी आहेत वैरी! मी उठलो की अख्ख्या रांगेला कळतं."

"तुम्हाला हा लेख आवडला?"

"मला?" सर फुरफुरले. "पानंच्या पानं वर्णन, एक आकडा नाही, एक समीकरण नाही! असल्या लेखांना मी चुलीत घालतो." मग ते थोडे वरमले. "पण त्या पोराचा पहिला प्रश्न आहे ना, 'उत्तर तुम्हाला माहितीच आहे, मग आम्हाला विचारता कशाला?' तो वाचला आणि माझी झोप उडाली. इतकी वर्षं शिकवलं, मला हे कुणी विचारलंच नाही. दिले भरपूर गुण. माझ्या तत्त्वाविरुद्ध दिले."

"आणि गेल्या वर्षी तो वाचला असतात तर?"

"आठवला असता. असा प्रश्न माणूस विसरतो का? पण माझी एक वाईट खोड आहे. गठ्ठ्यात आधीच लाल टिकली लागलेली दिसली की मी तो लेख उघडतच नाही. एक लाल पुरते, मग कशाला डोळे फोडायचे?"

फॉरवर्डराव आले ते मोबाइल हातात घेऊनच. "ताई, बघा, मी सगळं चित्रण केलंय," ते म्हणाले. "माझी खुर्ची रिकामीच होती, मी पार त्या खांबापाशी उभा होतो."

मावशीने बघितलं. खरंच खांबापाशीचं चित्रण होतं. त्यात व्यासपीठ दिसत होतं, ठकू दिसत होती, पुढची रांग काही दिसत नव्हती.

"तुम्हाला बढती हवी आहे असं ऐकलं."

"कुणाला नको असते? एक गाजलेला लेख नावावर असता तर कधीच मिळाली असती." बोलून गेल्यावर त्यांना घाम फुटला. "म्हणजे मी केलं असं नाही हं! मी चोरला असता ना, तर पेटीत कशाला टाकला असता? मी नाव लावून छापला असता. पेटीतला लेख निवडून आला नाही, तर मला काय मिळणार?"

वरवर चटपटीत माणूस, पण बोलला ते खोटं नव्हतं. काठीशिवाय न उठणारे सर, खांबापाशी उभे असलेले फॉरवर्डराव. मग त्या रांगेत सरकलेली खुर्ची उरते कुणाची?

छे, काहीतरीच. दुसरं कुणी असेल. तिने स्वतःलाच दटावलं, आणि तरी ती मोठ्या बाईंच्या टेबलाकडे वळली.

४

मोठ्या बाई आपल्या टेबलापाशी एकट्या बसल्या होत्या. टेबलावर चष्मा, पाण्याचा पेला आणि बाकी काही नाही.

"ये गं," त्या म्हणाल्या. "लहानपणी तू अशीच यायचीस. पाठीमागे हात बांधून."

"बाई, यंदा निनावी लेखांना तुम्हीही गुण दिलेत?"

"नाही. यंदा मी बाजूला राहिले. म्हटलं, या दोघांना निवडू दे. मी किती दिवस पुरणार?"

"आधी कधी राहिला होतात बाजूला?"

"नाही बाई, पहिल्यांदाच."

मावशीने मान हलवली. "आणि तुमचं लिखाण?"

बाईंनी पाण्याचा पेला उगाच उचलला आणि परत ठेवला. "दुसऱ्यांचं वाचता वाचता माझं आटलं गं. लोक अजून पाया पडतात, तेव्हा लाज वाटते. कशाच्या जोरावर पडतात? माझ्या नावाच्या."

"सभेत ठकूने लेखकाला बोलावलं तेव्हा तुम्ही उठत होतात का?"

"मी?" बाई हसल्या. "यजमान आहे मी. जो उठेल त्याचा हात धरून पुढे न्यायचा असतो. म्हणून सरसावून बसले असेन."

उत्तर बिनतोड होतं. या उत्तरावर जगातली कुठलीही परीक्षा समिती बाईंना निर्दोष सोडून देईल. मावशी नमस्कार करून बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बाहेर कपबशा वाजत होत्या. फार वेळ उरला नव्हता.

ठकू धावत आली. "मावशी, काही कळलं?"

"ठकू, मी नोकरीत काय शिकले सांगू? कॉपी पकडायची असेल तर बरोबर उत्तरं बघायची नाहीत. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच येतं. चुका बघायच्या. चूक ज्याची त्याची असते. दोन पेपरांत एकच चूक दिसली की समजावं."

"पण या लेखात चूकच नाही! दोघांनी तपासलाय."

"विद्वानांनी तपासलाय," मावशी म्हणाली आणि अंक उघडून तिथेच पायरीवर बसली.

दुसरीचा वर्ग. पहिल्या बाकावरची उंच मुलगी, वय सात. खिडकीजवळचा डावखुरा मुलगा, वय सात. प्रश्न: 'उत्तर माहितीच आहे, मग विचारता कशाला?'

तिसरीचा वर्ग. उंच मुलगी आता आठ वर्षांची, दोन वेण्या घालते. खिडकीजवळचा मुलगा विचारतो, 'शाळा सुटल्यावर फळ्यावरचं कुठे जातं?' खाली टीप: मुलगा, वय सात.

चौथीचा वर्ग. उंच मुलगी नऊ वर्षांची, आता ती धाकट्यांना शिकवते. खिडकीजवळचा मुलगा विचारतो, 'मी आलो नाही तर माझा नंबर कुणाला देणार?' टीप: मुलगा, वय सात.

मावशीने शिक्षिकेची जुनी प्रत उलटली. तिथेही सात, सात आणि सात.

"अगं बाई," ती पुटपुटली.

५

शिक्षिका व्हरांड्याच्या टोकाला पिशवी छातीशी धरून उभी होती. मावशी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"एक सोपा उपाय आहे," मावशी म्हणाली. "त्या मुलाला उद्या इथे घेऊन या. तो सांगेल, आमच्या वर्गात शिकवायला कोण होतं. विषयच संपला."

शिक्षिकेने पिशवी आणखी घट्ट धरली.

"निदान शाळेच्या हजेरीतलं त्याचं नाव तरी दाखवा."

मग मावशीने तिचा हात हातात घेतला आणि अगदी हळू विचारलं, "सगळी पोरं मोठी झाली. तो एकटाच का नाही झाला?"

शिक्षिकेने तोंडाला पदर लावला आणि मावशीच्या कानाशी काहीतरी सांगितलं. दोन-तीनच वाक्यं. ती ऐकली आणि जन्मभर कुणाच्या रडण्याला न बधलेली ती परीक्षा नियंत्रक खांबाचा आधार घेऊन खाली बसली.

"हे मला वापरावं लागेल," मावशी म्हणाली. "पण नीट ऐका. हे चारचौघांत आलं की चोर सापडेल, आणि तुमचा लेखही जाईल. अभ्यास म्हणून तो कुणी छापणार नाही. तुम्हाला बोल लागेल तो वेगळाच. नको म्हणालात तर मी इथेच थांबते."

"आणि थांबलात तर त्या मुलीचं काय होईल?"

"तिला काढतील. चोर म्हणून काढतील."

शिक्षिकेने सभागृहाच्या दाराकडे पाहिलं. आतून खुर्च्या लावल्याचे आवाज येत होते. चहा संपला होता.

"तीही कुणाची तरी लेकच आहे ना?" ती म्हणाली. "चला."

६

खोलीत सगळे जमले. अध्यक्ष दाराला हात लावून उभेच होते, बाहेर जाऊन नाव जाहीर करायचं तेवढं बाकी होतं.

"सापडला चोर?" त्यांनी विचारलं.

"मला वाटतं, आपण उगाच साप साप म्हणून भुई धोपटतोय," मावशी म्हणाली. "चोरी झालीच नसेल तर?"

ठकूने चमकून वर पाहिलं.

"असं बघा. शाळांमधून पाहणीला माणसं जातात. समजा, इथल्या कुणीतरी त्या वर्गाला भेट दिली. त्या मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. नंतर या बाईंचा लेख हातात पडला आणि दोन्ही गोष्टी डोक्यात मिसळल्या. वाक्यं उतरली असतील, ती चूक कबूल करावी. पण मुलगा स्वतः पाहिलेला असेल तर त्याला चोरी म्हणता येणार नाही. दोघांनी मिळून नाव लावावं, झालं. फक्त त्याने आता पुढे यावं, म्हणजे ही पोर सुटेल."

फॉरवर्डरावांनी सरांकडे पाहिलं, सरांनी फॉरवर्डरावांकडे. आणि मावशी मनातल्या मनात देवाला विनवत होती, की कुणी उठू नये. खरंच कुणी उठू नये.

खुर्ची सरकली.

"ठकूला जाऊ दे," मोठ्या बाई म्हणाल्या. "लेख माझा आहे."

सरांच्या हातातली काठी खाली पडली. "बाई, तुम्ही?" एवढंच ते म्हणू शकले. अध्यक्षांचा दारावरचा हात तसाच राहिला. ज्यांनी नावं पुसायला शिकवलं, ज्यांच्या एका शब्दावर माणसं विश्वास ठेवायची, त्याच या बाई. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

"तू म्हणालीस तसंच झालं," बाई मावशीला म्हणाल्या. आवाज हळूहळू सावरत होता. "गेल्या वर्षी मी पाहणीला गेले होते त्या शाळेत. मागे बसून वर्ग पाहिला. नंतर यांचा लेख आला, आणि काय माझं, काय यांचं, ते कळेनासं झालं. वय झालं माझं. आधीच बोलायला हवं होतं."

"मुलाला पाहिलंत?" मावशीने विचारलं.

"पाहिलं ना. खिडकीजवळ. डाव्या हाताने लिहीत होता."

"त्याच्याशी बोललात?"

"बोलले. फार गोड होता. नंबराचा तो प्रश्न त्याने मलाही विचारला."

"नंबराचा प्रश्न म्हणजे चौथीत."

"हो, चौथीत."

"केवढा होता हो?"

"असेल की, सात..." बाई बोलता बोलता थांबल्या.

"चौथीत सात वर्षांचा?" गणिती सर म्हणाले. त्यांनी अंक ओढून घेतला आणि भराभर पानं उलटली. "दुसरीत सात, तिसरीत सात... अरे देवा! मी! मी गणित शिकवतो! माझ्या लक्षात कसं आलं नाही?"

"कारण आकडे नाहीत म्हणून तुम्ही रुसला होतात," मावशी म्हणाली. "तुम्ही सगळे सिद्धांत वाचत होतात, सर. पोराकडे बघितलं नाही कुणी."

तेवढ्यात शिक्षिका पुढे आली. ती बाईंच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग असायला हवा होता, पण तो नव्हता. तिथे जे होतं ते बघवत नव्हतं.

"बाई, खरं सांगा हं," ती म्हणाली. "तुम्हाला दिसला तो? खरंच दिसला? कसा होता? उंची वाढली होती का त्याची?"

बाईंनी नजर टेबलावर खिळवली.

"माझा मुलगा आहे तो," शिक्षिका म्हणाली. "माझ्याच वर्गात होता, दुसरीत, खिडकीजवळच्या बाकावर. पहिला प्रश्न त्याचा आहे, खराखुरा. सुट्टीत ताप आला आणि गेला. तिसरीचा वर्ग भरला तेव्हा मी तो बाक हलवू दिला नाही. बाकीची पोरं खरी आहेत, त्यांचं सगळं खरं लिहिलंय. पण दर वर्षी त्याला एक प्रश्न मी दिला. पोरांना सांगितलं, तो असता तर हे विचारलं असतं. आणि पोरं उत्तरं शोधायला लागली हो, खरंच लागली! अभ्यासात असं लिहायचं नसतं, कळतं मला. पण त्याला वर्गाबाहेर काढायला माझा हात धजला नाही."

फॉरवर्डरावांनी मोबाइल खिशात घातला, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच.

मोठ्या बाई खुर्चीत कोसळल्यासारख्या बसल्या. "लाल टिकली मीच लावली होती," त्या म्हणाल्या. "प्रत यंत्रात न घालता घरी नेली." मग म्हणाल्या, "तो पहिला प्रश्न वाचला आणि मला इतका हेवा वाटला... मला एकदा नावाशिवाय निवडून यायचं होतं. कुणी पाया न पडता. एकदाच. वर्षभर तो लेख घासत बसले, शेवटी वाटायला लागलं की पोराला मीच पाहिलंय."

"आणि माझ्या भाचीवर आलं तेव्हा?" मावशीने विचारलं. "तेव्हा गप्प का बसलात, बाई?"

मावशी वाट बघत राहिली, लहानपणी पाठीमागे हात बांधून उभी राहायची तशी, आणि मग तिने तोंड फिरवलं. चोर पकडला याचा तिला काडीचाही आनंद झाला नाही.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "मुली, माझं चुकलं," ते ठकूला म्हणाले. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला ते फार हळू म्हणावं लागलं. मग ते शिक्षिकेकडे वळले. "पण बाई, तुमच्या नावानेही हा लेख ठेवता येणार नाही, मागेच घ्यावा लागेल."

"घ्या. खऱ्या पोरांचं मी पुन्हा लिहीन." शिक्षिकेने आपली जुनी प्रत पिशवीत ठेवली. मग एकदम असहाय होऊन तिने विचारलं, "पण त्याला आता कुठे बसवू?"

सर काठी शोधायच्या निमित्ताने खाली वाकले.

ठकू उठली. नोकरीला लागल्यापासून तिने एकच काम केलं होतं, कागद आला की त्यावरचं नाव पुसायचं. तिने टेबलावरून एक कोरा कागद ओढला.

"पुढच्या अंकात या लेखासाठी ठेवलेलं पान मोकळं राहणार आहे," ती म्हणाली. "लेख मागे घेतला, एवढी ओळ खाली टाकू. वर त्याच्यासाठी जागा आहे. काकू, त्याचं नाव काय?"

शिक्षिकेने नाव सांगितलं. किती वर्षांनी सांगत होती कोण जाणे, तिने ते पुन्हा एकदा सांगितलं. ठकूने ते मोठ्याने उच्चारून बघितलं, बरोबर आहे ना म्हणून विचारलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं.

"वय?" तिने सवयीने विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

"सात," शिक्षिका म्हणाली. "सातच लिही, बाळ."